हेरॉल्डचा ठिपका

अकरा मिनिटं — हो, अकराच, त्यात काही खोटं नाही. पुष्करच्या त्या स्लाइडवर मोठ्या अक्षरात लिहिलंय ना, 'लाल ठिपक्यापासून मदतीपर्यंत अकरा मिनिटं' — ते आमच्या गल्लीतल्या हेरॉल्डचंच. पण तू आधी वडी घे, जाई. सांबारवडी आहे. मी नागपूरची, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, पुण्याच्या लोकांना वाटतं आत इडलीबरोबरचं सांबार भरलंय — घे, दोन घे, तुझ्या ग्वेल्फ गावाहून आमच्या कनाटापर्यंत पाच तास गाडी चालवत आलीस आणि नुसतं पाणी काय पितेस. माझा मुलगा पुष्कर वर मीटिंगमध्ये आहे, शनिवारीसुद्धा मीटिंग, येईल अर्ध्या तासात. तोवर मला विचार. तुझ्या युनिव्हर्सिटीचा रिपोर्ट वाचूनच ती तीन गावं ठरवणार ना, पुष्करचं ॲप घ्यायचं की नाही ते? मग नीट विचार. मला टेक्नॉलॉजीतलं काही कळत नाही असं समजू नकोस, मी गल्लीप्रमुख होते.

म्हणजे काय म्हणजे — सांगते ना. ते ॲप मुळात वादळाचं नव्हतंच. मराठी मंडळातल्या म्हाताऱ्यांच्या दारातला बर्फ कोण शोव्हल करणार, त्यासाठी केलं होतं पुष्करनं. मदत पाहिजे ते घर लाल, काम झालं की हिरवं. मग शेजारचे कॅनेडियन लोकही आले त्यात, फुकट कुणाला नको असतं. आणि मग मे महिन्यातलं ते वादळ. शनिवारची दुपार, मी पापड तळत होते, आणि दहा-पंधरा मिनिटांत खेळ खलास — झाडं आडवी, खांब मोडलेले, लाइट गेली ती आठवडाभर. पुष्कर कम्युनिटी सेंटरमध्ये जनरेटरवर लॅपटॉप लावून बसला, वॉर्डातली सगळी घरं लाल करून टाकली आणि गल्लीगणिक एक प्रमुख नेमला — इकडे क्रेसेंट म्हणतात, मी गल्लीच म्हणते. प्रमुखानं दारोदारी जायचं, माणूस डोळ्यांनी पाहायचा, ठीक असला तर फोनवर हिरवं करायचं. ज्याच्या घरी औषधपाण्याचं काही विजेवर चालतं, त्याच्यापुढे बॅटरीचं चित्र. आणि बॅटऱ्या-पाणी घेऊन फिरणारा ट्रक फक्त लालकडे जाणार. शेंबड्या पोरालाही कळेल इतकं सोपं.

मला दिलं कसं? अगं, द्यायलाच लागलं. पुष्कर म्हणत होता, आई, तुझे गुडघे — मी म्हटलं, गुडघे माझे आहेत, ते मी बघते, तू गल्ली दे. बारा घरं होती माझ्याकडे. रविवारी सकाळी आठला निघाले, प्रत्येक दारात उभी राहिले, 'यू ओके? ऑल ओके?' — एकानं मला कॉफी दिली, एका बाईनं तिची मांजर शोधायला लावली, मांजर कपड्यांच्या ड्रायरमध्ये झोपलेली. इतकी वर्षं त्या गल्लीत राहून मी कुणाचं दार ओलांडलं नव्हतं, बघ. त्या एका सकाळी दहा घरं ओलांडली — अकरावं आमचं. मजा आली, खोटं कशाला बोलू.

आता तुला गौरांगी सांगायला हवी. गौरांगी म्हणजे पलीकडच्या गल्लीची प्रमुख. ठाण्याची आहे, मंडळाची सेक्रेटरी, गणपतीच्या मोदकांपासून दिवाळीच्या रांगोळीपर्यंत तिचं सगळं आमच्याआधी उरकलेलं असतं. स्वभावानं वाईट नाही हो, पण उरकलेलं असतं. तर साडेदहाला मी फोनमध्ये पाहते, तर तिची गल्ली हिरवीगार, आमच्या भंडाऱ्याकडच्या धानासारखी. आणि माझ्याकडे अकरा हिरवी, एक लाल. हेरॉल्ड. गल्लीतलं शेवटचं घर त्याचं. एक्क्याऐंशीचा आहे, पोस्टात होता, बायको आयव्ही चार वर्षांमागे गेली. फुप्फुसं कमजोर, नाकात नळी, ऑक्सिजनचं मशीन विजेवर चालतं, वीज गेली की घरातल्या सिलेंडरवर भागवायचं. फार गोड माणूस. माझ्या इंग्रजीतल्या चुका काढत नाही, माझी नात काढते.

मी धावले? तुला कोण म्हणालं मी धावले? — अच्छा, फोनवर बोललीस का त्याच्याशी. बरं. धावले म्हणजे काय, मला खिडकीतून दिसलं ना. ट्रक आला गल्लीच्या तोंडाशी, ट्रकवरच्या मुलानं टॅबलेटमध्ये पाहिलं आणि ट्रक वळवला, चालला दुसरीकडे. मग मी — काहून वळवला म्हणजे? लाल काही दिसलंच नाही ना त्याला, सगळं हिर—

चहा ठेवू का अजून थोडा?

नको. बरं. लिहून राहिलीस तू, लिही. मीच केलं होतं हिरवं. न जाता. हेरॉल्डच्या घराआधी मेपलचं भलंमोठं झाड पडलं होतं रस्त्यावर, म्हटलं कापलं की जाऊ दुपारी, आदल्या संध्याकाळी खिडकीतून हात हलवला होता त्यानं, ठीकच असणार. आणि आपली सवय कशी असते, तुझ्याही आईची असेल — तीस वर्षं नागपूरला फोन लावला की पहिलं वाक्य, इकडे सगळे मजेत. बेसमेंटमध्ये गुडघाभर पाणी असो, पुष्करच्या बाबांचं ऑपरेशन असो, सगळे मजेत. तसंच बोट गेलं ते. — नाही. परत खोटं बोलून राहिली मी. तसं नाही गेलं. गौरांगीमुळे गेलं. माझ्या गल्लीत लाल ठिपका नको होता मला, बस, एवढंच होतं.

आणि ट्रक वळला ना, तेव्हा अर्धं मिनिट मला छान वाटलं, जाई. पहिला नंबर आल्यासारखं. मग हेरॉल्डपुढचं ते बॅटरीचं चित्र आठवलं. लाल करायला गेले तर फोनवर नुसतं गोल गोल फिरून राहिलं, नेटवर्क गेलेलं. तशीच निघाले, गाऊनवर पुष्करचं जॅकेट, सदुसष्टाव्या वर्षी त्या झाडावरून पलीकडे उतरले, कशी ते देवाला माहीत. दार उघडंच. हेरॉल्ड जिन्याच्या पायरीवर बसलेला, ओठ निळे, शेवटचं सिलेंडर संपायला आलेलं. आणि मला पाहून हळूच म्हणतो काय — आय न्यू यू वुड कम, सुनेत्रा. त्या वेळी मला धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

मग धावले. हो, तेव्हा धावले. ट्रक सापडला गौरांगीच्या गल्लीत, काम काही नव्हतं, ती त्या मुलांना आल्याचा चहा पाजत होती. भर रस्त्यात, तिच्यासमोर मी म्हटलं, माय ग्रीन इज राँग, आय डिड नॉट गो, ही इज डाइंग. त्यांच्या टॅबलेटला उपग्रहाचं नेट होतं, त्या मुलानं तिथल्या तिथे लाल केलं — अकरा वाजून वीस मिनिटं. बॅटरी हातांवर उचलून झाडावरून नेली, मशीन सुरू झालं अकरा एकतीसला. ती तुमची अकरा मिनिटं. त्याआधीची पाऊण तासाची माझी हिरवी खूण कुठेच नाही. ॲप शेवटचा रंग तेवढा ठेवतं, आधीचा पुसतं.

गौरांगी? एक अक्षर बोलली नाही कुणाला. तिच्या जागी मी असते तर संध्याकाळपर्यंत सगळ्या मंडळाला कळलं असतं. आणि हेरॉल्ड दर जूनमध्ये परसातल्या ऱ्हुबार्बची, त्या आंबट लाल देठांची, जुडी दारात ठेवून जातो, माझी रखवालदार म्हणतो मला. मी त्याचं लोणचं घालते, घरचे मिटक्या मारत खातात. माझ्या घशाखाली उतरत नाही.

गाळतेस हा भाग? का गं, माझी दया आली? नको गाळू. त्या तीन गावांत गल्लीप्रमुख कोण होणार आहे — माझ्यासारख्याच बायका ना, जरा हौशी, जरा हट्टी, आणि शेजारच्या गल्लीत एक-एक गौरांगी. लिही, की एका माणसाच्या बोटावर हिरवं होऊ देऊ नका. त्या घरातल्या माणसाचा आवाज घ्या, फोटो घ्या, काहीतरी घ्या. ज्याच्यापुढे बॅटरी आहे त्याच्याकडे हिरवं असलं तरी ट्रक जाऊ द्या. आणि आधीचा रंग पुसू नका म्हणावं, कुणी लावला तेही राहू द्या. पुष्कर हुशार आहे, चार दिवसांत करेल, पण त्याला माहीत तर पाहिजे. नाव लिही माझं, पूर्ण लिही. हो, स्लाइड जाईल त्याची. फार मन लावून केली होती त्यानं, मलाच पहिल्यांदा दाखवली होती, आणि मी काय म्हटलं माहीत आहे? छान, म्हटलं. अक्षर मोठं कर, म्हटलं.

हेरॉल्डकडे संध्याकाळी जाईन मी. तो काय म्हणेल ते म्हणेल.

मीटिंग संपली वाटतं. — पुष्कर, ये, बस इथे. नाही रे, हिचे प्रश्न झाले सगळे, तू बस. — जाई, तू निघ आता, बाई. तुझ्या रिपोर्टमध्ये वाचायच्या आधी त्याला माझ्या तोंडून कळू दे. जाताना दार ओढून घे.