राखीव इंधन

धाकटी : अरे दादा, उतरलो ते भलतीकडेच! आपल्या विमानतळावर धुकं. अर्धा तास वर गिरक्या घातल्या आणि मग कॅप्टनने विमान इकडे वळवलं.

दादा : म्हणजे आहेस कुठे तू?

धाकटी : तीनशे किलोमीटर लांब. विमानातच. दार बंद आहे. खिडकीतून एक पिवळी गाडी दिसतेय आणि तिच्यावर बसून एक माणूस निवांत जांभया देतोय. आई कशी आहे?

दादा : तुझी वाट बघतेय.

धाकटी : ते माहितीये रे. कशी आहे?

दादा : कळांवर कळा येतायत. डॉक्टर दुखणं थांबवायचं इंजेक्शन घेऊन आले की हाकलून लावते. म्हणते, ते दिलं की मी झोपणार, मग पोरीशी बोलणार कोण?

धाकटी : मग... नंतर उठेल ना?

दादा : डॉक्टर म्हणाले, बहुतेक नाही.

धाकटी : थांब, फोन ठेवू नकोस. अहो, जरा इकडे येता? कधी निघणार आपण?

हवाईसुंदरी : इंधन भरायचंय, मॅडम. बरीच विमानं इकडे वळलीत आणि इंधनाची गाडी एकच आहे. शिवाय तिकडचं धुकं निवळायला हवं.

धाकटी : मग निघतानाच टाकी काठोकाठ भरायला काय धाड भरली होती? थांबलो असतो ना आणखी तासभर वर!

हवाईसुंदरी : जास्त भरलं की विमान जड होतं. ते वजन वाहण्यातच इंधन जातं. म्हणून हिशेबाने भरतात. वाट बघण्यापुरतं थोडं, आणि दुसऱ्या विमानतळापर्यंत जायला लागेल ते वेगळं. त्याला हात लावायचा नसतो.

धाकटी : दहा मिनिटांपुरता लावला असता तर?

हवाईसुंदरी : तर कदाचित इथेही पोचलो नसतो. घरी कुणी आजारी आहे का?

धाकटी : आई. मला खाली उतरू द्या हो. टॅक्सी करून जाते.

हवाईसुंदरी : कॅप्टनना विचारते. पण अजून शिडीसुद्धा लागलेली नाही. आणि रस्त्यावरही धुकं आहेच, मॅडम. फार वेळ लागेल. पाणी आणू तुम्हाला?

धाकटी : नको. दादा, आहेस?

दादा : आहे. ऐकलं सगळं. आत्ता परत कळ आली तिला. चादर दातात धरलीय. मला बघवत नाही गं. तू सांग काय करू. माझं ती ऐकणार नाही, तुझ्यासाठीच थांबलीय.

धाकटी : हे मला नको ना सांगायला लावूस.

दादा : मग कुणी सांगायचं?



धाकटी : मला भेटायचं होतं रे तिला. काही बोलायचं नव्हतं, नुसतं जवळ बसायचं होतं. दे. लाव तिच्या कानाला.

आई : आलीस?

धाकटी : आले, आई. उतरले. सामान आलं की गाडीत बसते.

आई : मघाशी... वरून विमान गेलं. दादाला म्हटलं, आली बघ.

धाकटी : हो, मीच होते त्यात.

आई : काही खाल्लंस?

धाकटी : पोटभर. आई, ऐक ना. ते इंजेक्शन घे. तू झोप, मी येऊन बसते तुझ्याजवळ.

आई : खोटं बोललीस की... तुझा आवाज बारीक होतो. शाळेत असल्यापासून.

धाकटी : आई गं...

आई : रडायचं नाही. बोललीस ना? झालं माझं. बोलव म्हणावं त्या डॉक्टरला. मघापासून दारात घुटमळतोय बिचारा.

धाकटी : मी खरंच येतेय, आई.

आई : ये. घाई नको करूस... सावकाश ये.

दादा : डॉक्टर आलेत. फोन काढू तिच्या कानाचा?

धाकटी : नको, काढू नकोस. उशीवर तसाच राहू दे. श्वास ऐकू येतोय तिचा.