एकवीस दिवसांचं नॅचरल

—सरकलीस ना? नाही म्हणू नको, मी पाहिलं. पर्स उचलली, पाण्याची बाटली उचलली अन् हातभर तिकडं सरकलीस. राहू दे, मी मनावर घेत नाही. वास येऊन राहिला माझ्या अंगाचा, मले माहीत आहे — मलेच येऊन राहिला तर तुले काय नाही येणार. पण तुले वाटत असेल, ही बाई बिना आंघोळीची गोंदियाले निघाली. तर तसं नाही. सकाळपासून दोनदा आंघोळ झाली माझी. हे नॅचरल आहे. हो, हस. माझ्या पोरीनं दिलेलं नॅचरल डिओ आहे हे, अन् आज त्याचा सोळावा दिवस आहे. गाडी चाळीस मिनिटं लेट सांगितली, म्हणजे तू सव्वा तास धर. कुठं जाणार आहेस, ऐकून घे आता.

एवढीशी डबी. माझी समीक्षा नागपूरले नोकरी करते, तिनं आणली. आत काय, तर खोबऱ्याचं तेल, खाण्याचा सोडा, आरारोट, अन् कसल्या तरी फुलाचा अर्क. म्हणजे माझ्याच सैपाकखोलीतलं सामान, वरून इंग्रजी लेबल. लेबलवर एक पोरगी आहे, दोन्ही हात वर करून हसून राहिली. तिले म्हणावं मे महिन्यात ये सालेकशाले, उभी राहा पत्र्याखाली, मग पाहू किती वेळ हात वर ठेवते. तिसऱ्या दिवशी तर ते वितळून पाणीच झालं. फ्रिजमध्ये ठेवलं, तर आमच्या ह्यांनी सकाळी डालडा समजून पोळीले लावलं. अर्धी पोळी खाल्ली त्या माणसानं, मग म्हणते, आज तूप खारट काऊन लागून राहिलं. माझ्या काखेत पुरळ, चार ब्लाऊजले तेलाचे डाग, अन् घाम तर जसाचा तसा — उलट जास्त. पोरीले फोन केला तर म्हणते, आई, शरीराले सवय होऊन राहिली, एकवीस दिवस थांब, आतली घाण बाहेर पडून राहिली. आतली घाण. बावन्न वर्षांच्या आईले हे शिकवते.

तुह्याही बॅगेत असंच काही असेल. सर्वेवाली दिसतेस — कॉटनचा कुर्ता, स्टीलची बाटली. सांगू का, हे नॅचरल कोणाले शोभते? ज्याचा आजा पंख्याखाली बसला, बाप कूलरखाली बसला अन् जो स्वतः एसीत बसते, त्याले. त्याले घाम म्हणजे मौज आहे. मुद्दाम पळून पळून काढते, मग फोटो टाकते. त्याच्या घामाले कोणी घाम म्हणते काय? तब्येत म्हणते. आम्ही एका जन्मात घासून घासून कसाबसा तो वास अंगावरून काढला, अन् ह्या शिकलेल्या पोरी तोच डबीत भरून घरी परत घेऊन आल्या. वरून मलेच समजावते, घाम थांबवणं चांगलं नाही, आई. थांबवणं चांगलं नाही म्हणे. न थांबवल्यानं काय होते ते तिले काय माहीत.

मले माहीत आहे. मी आमगावले एका शाळेत बाबू आहे, क्लार्क, बावीस वर्षं झाली. नवीन लागली तेव्हाची गोष्ट. इथून गाडीनं जायची, उतरून दोन किलोमीटर पायी. पोचेपर्यंत पाठ भिजलेली. तर माझ्या बाजूच्या टेबलावर एक मॅडम होत्या, त्या रोज मी आली की माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर अगरबत्ती लावत. रोज. एक शब्द बोलत नसत, लावून जाऊन बसत. आता आम्ही बौद्ध. आमच्या घरी अगरबत्ती बुद्धाच्या फोटोपुढं लागते, मोठ्या माणसाच्या फोटोपुढं लागते. मले वाटलं, किती मान देऊन राहिली ही बाई नव्या माणसाले. मी घरी येऊन आईले सांगितलं. आई खूश. अन् मी काय केलं माहीत आहे — महिना झाल्यावर मीच एक पुडा नेला, मोगऱ्याचा, अन् त्या मॅडमच्या हातात ठेवला, रोज तुम्हीच कायले आणता म्हणून. तिनं घेतला. अख्खा स्टाफ खाली मान घालून बसला होता, मले वाटलं कामात आहेत.

मग आमचे बिसराम शिपाई मले बाहेर नळावर घेऊन गेले. म्हातारे होते, चांगले होते. म्हणाले, बाई, ते पूजेसाठी नाही लावत. बस, एवढंच म्हणाले. बाकीचं मी समजली.

त्या संध्याकाळी घरी न येता गोंदियाले गेली अन् रोल-ऑन घेतला, घाम बंद करणारा. त्या दिवसापासून एक दिवस चुकली नाही मी, सुट्टीत नाही, तापात नाही. माझ्या काखेले बावीस वर्षं घाम माहीत नाही. त्या मॅडम रिटायर झाल्या तेव्हा त्यांच्या निरोपाचं भाषण मी केलं, टाळ्या पडल्या. मग? मले लाज वाटायले पाहिजे काय? काम होऊन राहिलं होतं त्या बाटलीनं, झालं. नॅचरल. थू.

तू तो नळाजवळचा बाक पाहून राहिली काय? त्याले काय पाहते. जुना आहे. तिथं कोणी बसत नाही, दिवसभर ऊन असते. माझी आई बसली होती एकदा. कुसुमबाई नाव तिचं. उन्हाळ्यात जंगलात तेंदूपत्ता तोडायची, पावसाळ्यात लोकांच्या बांधीत धानाचा रोवणा — तिच्याच घामावर मी शिकली, हे मी कोणालेही सांगते, लपवत नाही. शाळेत माझा सत्कार होता, पंधरा वर्षं झाली असतील. आईनं म्हटलं मी येतो पाहाले. पहाटे पत्ता तोडायले गेली, पुडे बांधले अन् तशीच स्टेशनवर आली, लुगडं बदललं फक्त. माझ्याजवळ बसली, ह्याच बाकावर, तू बसलीस ना, तिथं. अन् तिकडून आमच्या शाळेच्या दोन मॅडम आल्या, इथं कोणाच्या लग्नाले आल्या होत्या. तर मी आईले म्हटलं — आई, तू तिकडं बस ना जरा.

जरा म्हटलं मी. तिकडं जा असं नाही म्हटलं.

उठली. काऊन म्हणून विचारलं नाही. त्या मॅडमनी विचारलं, तुमच्या आई का हो तिकडं बसल्या, तर तिनंच तिथून सांगितलं, इकडं सावली आहे बाई. सावली. पाहून घे तू, तिथं आजही सावली नाही. मग डब्यातही मागंच बसली, अन् त्यानंतर मरेपर्यंत मले कधी सांगावंच लागलं नाही. लग्नात, मंडपात, दवाखान्यात — आपल्या आपण हातभर सोडून बसायची. समीक्षा अकरा वर्षांची होती त्या दिवशी. ती माझ्याजवळून उठली अन् आजीच्या कुशीत जाऊन बसली, त्या उन्हात. मी म्हटलं, लेकरू आहे.

आज कुठं चालली विचार. गोंदियाले, समीक्षाच्या होणाऱ्या सासरी. पोराचं नाव भुपेंद्र, जातीनं पोवार आहेत, पन्नास एकर धानाची शेती, घरात पाच माणसं पाहुणचाराले बसणार. पहिली भेट. म्हणजे पोरानं पोरीले पसंत केलं ते झालं, आता घर आमच्या घराले पाहणार. अन् अशा दिवशी मी ह्या वासानं जाऊ? समीक्षाले म्हटलं, आजचा दिवस मले माझी बाटली लावू दे, उद्यापासून तुझी डबी. तर म्हणते, नाही आई. मीही अशीच येऊन राहिली, तूही अशीच ये. ज्यांले सरकायचं ते आजच सरकू दे, लग्नाच्या आधी. — आता ह्याले काय म्हणावं? हे डिओचं बोलणं आहे काय? मागच्या रविवारी आली होती, मागून गळ्यात पडली, नाक लावलं पाठीले अन् म्हणते, आई, तुले आजीचा वास येऊन राहिला. मी तिले ढकललं. काम पडलं आहे म्हटलं. मग मोरीत जाऊन ब्लाऊज काढला अन् — जाऊ दे. खरंच होतं. तोच वास. इतकी वर्षं मी त्याले आईचा समजून राहिली होती, तो माझाही होता.

म्हणून पर्समध्ये ही ठेवली. नवी बाटली, सील आहे अजून. गोंदियाले उतरली की बाथरूममध्ये जाऊन दोन हात फिरवीन, पोरीले कळणारही नाही. आता तूच सरकलीस ना, तर मग ती पाच माणसं काय करतील, सांग. पन्नास एकरवाले. तू तर सर्वेवाली, तुले लोकांच्या घरी बसायची सवय असेल, अन् तरी तू —

काय?

ऊन?

ऊन आलं म्हणून सरकलीस?

...हो. आहे खरं. पट्टा आला आहे बाकावर, तू बसली होती तिथंच. पत्रा फुटला आहे वरून.

बरं. सिग्नल पडला, गाडी येऊन राहिली. तू पुढच्या डब्यात जा, मी मागं बसते. नाही, माझ्याजवळ नको बसू, मले बोलायचं नाही आता. अन् ही बाटली धर. धर म्हटलं ना, नवी आहे, सील नाही तोडलं. नको तर फेकून दे पुढच्या स्टेशनवर, पण माझ्या पर्समध्ये नको, राहिली तर मी लावीन. काय पाहून राहिली? जा, गाडी दोनच मिनिटं थांबते.