एका घड्याळाची आठ घड्याळं

आजोबा : ...आता डोळे मीट चिमे, आणि माझ्याबरोबर कल्पना कर. एक घर आहे. माणसं आठ, भिंतीवर घड्याळ एकच. वेळ बघायची झाली की जो तो मान वर करतो.

चिमी : आपल्यासारखंच.

आजोबा : शाळेतल्या कॉम्प्युटरच्या खोलीतली मशीनं मी तशीच चालवली. फाइल उघडणं, अक्षरं छापणं ही कामं प्रत्येक प्रोग्रॅमला लागतात. ती एका लायब्ररीत आयती असतात. प्रोग्रॅम आठ चालले तरी लायब्ररी मेमरीत एकदाच. ह्याला म्हणतात डायनॅमिक लिंकिंग.

चिमी : आणि बाबांना हवं ते?

आजोबा : ते स्टॅटिक. ज्याच्या त्याच्या मनगटाला वेगळं घड्याळ.

बाबा : चिमे, आजोबांना सांग, भिंतीवरचं बंद पडलं की आठही जणांचा खोळंबा होतो. ऐन परीक्षेत ह्यांनी लायब्ररी बदलली आणि एक प्रोग्रॅम उघडेल तर शपथ! मुलं रडत घरी गेली.

चिमी : आजोबा, बाबा म्हणतात...

आजोबा : माझे कान शाबूत आहेत. त्याला विचार, ते एकच किती वर्षं उगाळणार? एकटादुकटा प्रोग्रॅम असेल तर मनगटी घड्याळच स्वस्त, मी कुठे नाही म्हणतो? पण आठ निरनिराळे प्रोग्रॅम म्हणजे त्याच सामानाच्या आठ प्रती. त्या जुन्या मशीनांचा जीव तो केवढा!

बाबा : मी माप घेतलंय, म्हणावं. मशीन प्रत्येक प्रोग्रॅमपुढे त्याची मेमरी दाखवतं. मी बेरीज केली. मशीनमध्ये आहे त्याहून जास्त भरली! ‘आमच्या अण्णांची मांडणी झेपत नाही, खोली बंद करा,’ असं मुख्याध्यापक बाईंना सांगितलं ते काही हवेत नाही.

चिमी : पण बाबा, बादलीत मावतं त्याहून जास्त पाणी बादलीत कसं असेल?

बाबा : उरलेलं डिस्कवर गेलं असेल.

आजोबा : बघितलं का, विचार.

चिमी : बाबा, बघि...

बाबा : नाही बघितलं.

आजोबा : चिमे, त्या आठ जणांना एकेक करून विचार, ‘तुमच्याकडे घड्याळ आहे?’ काय म्हणतील?

चिमी : आहे म्हणतील. आठही जण... अय्या! पण घड्याळ एकच!

आजोबा : तसंच ते. प्रत्येकाची थोडी खासगी जागा असते, ती मोजायलाच हवी. पण लायब्ररी प्रत्येकाच्या आकड्यात पुरती धरलेली असते. तुझ्या बाबांनी एकच घड्याळ आठदा मोजलं आणि माझी खोली भंगारात काढली.



बाबा : सांग त्यांना... लायब्ररी सगळ्यांत वाटून मोजायची सोय असते. मला ठाऊक होती. घाईत होतो.

आजोबा : कसली घाई? मला खोटं पाडायची?

बाबा : हो! दुरुस्त्या मी करायच्या, आणि सगळी शाळा म्हणणार ‘अण्णांची खोली’!

आजोबा : महिन्याभरात पहिल्यांदा माझ्याशी बोललास. तेही हे.

चिमी : बाबा, भंगाराची गाडी उद्या येणार ना? मग बाईंना आत्ताच सांगा, माप चुकलं म्हणून.

बाबा : उद्या बघू.

आजोबा : तो नाही सांगायचा. जन्मापासून ओळखतो मी त्याला.

चिमी : हॅलो, बाई? मी चिमी. बाबांना तुमच्याशी बोलायचंय, मशीनांचं... काय?... कधी?... बरं.

बाबा : कोणी सांगितला होता फोन लावायला? काय म्हणाल्या?

चिमी : गाडी आज दुपारीच येऊन गेली. खोली धुऊनसुद्धा झाली. आता काय बोलायचंय, विचारतायत.

बाबा : ठेव तो फोन.

चिमी : बाई, ठेवू नका हं. ते तरीही सांगणार आहेत.