गाठोडं गेलं, डबा आला

...न्हाई न्हाई, ओटी मागून भरा, आधी मला सांगा, गाठोडं कुठं हाय? अगं, जुन्या धोतरांचं, लुगड्यांचं, लेकराच्या लंगोटांसाठी ठेवलेलं गाठोडं! माळ्यावर? उघडं? कुलूप न्हाई? अगं बाई, सातवा लागला तुला, पाय सुजलेत, गालावर डाग आलेत, आन् गाठोड्याला कुलूप न्हाई? घरात नवरा हाय ना? मंग! उंदरापासून राखायचं न्हाई गं ते, उंदीर बिचारा एक कोपरा कुरतडंल. नवरा पुरं गाठोडं उचलून नेतो, आन् बदल्यात काय आणतो? डबा! चार कप्प्यांचा, स्टीलचा, झाकणावर फूल काढलेला डबा! एका डब्यापायी, बायांनो, एका डब्यापायी...

बसा, सांगते. औंदा आभाळातून पाणी न्हाई आलं, पर लातूर जिल्हा आला. इतके दिवस आपण उस्मानाबादचे, आता आपण लातूरचे. आड कोरडा, जनावरं छावणीला, टँकर आला तर आपला, आन् आमचे मालक... नाव घेऊ नये म्हनतेत, सासू 'गुरुलिंगा' म्हणून हाक मारती, तेच... आमचे मालक पारावर उभं राहून सांगून राहिले, "आता आपण जिल्ह्याची माणसं!" मी म्हनलं, "अवो, मंग जिल्ह्याचं पाणी कधी येतंय?" तर म्हनतेत, "तुला काय कळतंय? जिल्हा झाला म्हंजे कचेऱ्या आल्या. कचेऱ्या आल्या म्हंजे लोकांची कामं आली. लोकांची कामं आली म्हंजे पुढारी लागला!" म्हनलं, "कोण हाय पुढारी?" तर नुस्ता मिशीवरून हात. तवा माझ्या पोटात लेकरानं अशी उडी मारली, मला वाटलं ते बी हसलं.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, पर माहेर माझं मुखेडला, आन् तिथल्या आडात बादली सोडली तर खडखड वाजती. आईचा निरोप आला, "बाळंतिणीला न्हाऊ कशानं घालू? तिकडंच ऱ्हा बाई." राहिले. इथं टँकरच्या रांगेत आम्ही तिघी पोटुशा. मी, समोरच्या घरची दानम्मा, ती बी माझ्यासारखीच पहिलटकरीण, आन् मळ्यातली कस्तुराबाई, तिची तिसरी खेप. घागरी रांगेत ठेवायच्या आन् आम्ही तिघींनी लिंबाखाली पाय पसरून बसायचं. तीच आमची शाळा, बायांनो! दानम्मा रडायची, "मला भाकरीचा वास सहन व्हईना." कस्तुराबाई म्हनायची, "मंग निवलेली खा गं, वास गरम भाकरीला असतो." माझे पाय सुजले तर म्हनली, "निजताना पायाखाली उशी घे, आन् तोंड बी सुजलं तर लगेच नर्सबाईकडं जा, घरात बसू नको." आन् मला डोहाळे कशाचे? ओल्या मातीचे! दुष्काळात! टँकरमधून चार थेंब सांडले की मी वाकलेच, आन् कस्तुराबाई मागून माझा पदर धरून ओढायची, "वास घे, खाऊ नको! जंत होतेत!"

तिनंच मला इचारलं, "लंगोटाची कापडं किती जमवलीस?" मी म्हनलं, "धुवून धुवून वापरीन की." तशी हसली. "कशानं धुशील? टँकरच्या पाण्यानं? अगं, लेकरू काय टँकरची वाट बघून मुततंय व्हय? धुयाला पाणी न्हाई म्हंजे कापड दुप्पट पाहिजे. आन् जुनंच पाहिजे." आता हे तुम्हाला ठाऊक हाय, आपल्याकडं तान्ह्याच्या अंगाला नवं कापड लावत न्हाईत. काचतं, आन् शिवाय जुन्या माणसाच्या अंगावरचं लेकराला घातलं की लेकराला बी तेवढं आयुष्य मिळतं. मंग काय, मी घर धुंडाळलं. आत्याबाईंची, म्हंजे सासूची, इरकली लुगडी, आईनं धाडलेली चौघडी, आन् सगळ्यात खाली माझ्या सासऱ्यांची धोतरं. सासरे जाऊन लई दिवस झाले, पर कापड असं मऊ, असं मऊ, की गालाला लावलं तर डोळे मिटावेत. घडी करून, लिंबाचा पाला घालून, गाठोडं बांधलं. रोज सोडून बघायची, परत बांधायची. पोटातल्याला सांगायची, "हे तुझं, बरं का."

आन् एक दिवस मी टँकरला गेले, आत्याबाई मठात गेल्या, घरात मालक एकले. आन् दारात आली बोहारीण! "जुनं कापड द्या, नवं भांडं घ्याआआ!" परत येऊन बघते तर मालक वसरीत मांडी घालून बसलेत, समोर डबा, कप्पे काढतेत, लावतेत, काढतेत, लावतेत. तोंड असं, की त्यांनाच लेकरू झालंय. "हे काय?" तर म्हनतेत, "डबा! आता रोज लातूरला जावं लागंल, कलेक्टर कचेरीत, लोकांची कामं घेऊन. हाटेलातलं आपल्याला चालत न्हाई, तिथं कुठल्या तेलात काय तळतेत देव जाणे. पुढाऱ्याकडं डबा पाहिजे." मी म्हनलं, "आणला कशानं?" तर म्हनतेत, "फुकट! ती येडी बोहारीण, माळ्यावरच्या चिंध्या घेऊन गेली!"

चिंध्या!

बायांनो, मी माळ्याकडं बघितलं. रिकामा! माझ्या लेकराचं आंग उघडं पडलं, आन् हा गडी मला कप्पे दाखवून राहिला, "ह्यात भाजी, ह्यात वरण..." वरण! औंदा! लातूरला ह्यांना कोण वळखत न्हाई, गावात ह्यांचं कुत्रं ऐकत न्हाई, हाताला काम न्हाई, एसटीच्या तिकिटाची सोय न्हाई, पर डबा तयार! एका डब्यापायी! मी तशीच लिंबाखाली गेले आन् शपथ घेतली, "ह्या डब्याचा आन् डबेवाल्याचा सूड घेतल्याबिगर मी बाळंत व्हणार न्हाई!" दानम्मा भोळी, म्हनली, "अगं, ते आपल्या हातात असतंय का?"

घरी आत्याबाईंना सांगितलं. तुम्हाला सांगते, सासू ती सासू! माळ जपता जपता म्हनल्या, "जाऊ दे गं. पोरगं हाय. पोटासाठीच आणला ना डबा? लंगोटाचं काय, कुठून बी व्हतंय." मी म्हनलं, बरं. लई गोड आवाजात म्हनलं, "हाव, आत्याबाई. मामंजींची धोतरं गेली तेवढं वाईट वाटलं, बाकी काय न्हाई."

माळ थांबली.

"कुणाची?"

"मामंजींची. ती बारीक काठाची. खाली ठेवली व्हती मी."

आमची सासू सिद्धम्मा उठली! गुडघे धरून उठणारी बाई, एका दमात उठली! "एनो, गुरुलिंगा!" चिडली की तिची कानडी सुटती, आन् कानडी सुटली की गल्ली रिकामी व्हती. मालक डबा पोटाशी धरून उभे. "माझ्या मालकाची धोतरं तू भांडेवालीला घातलीस? त्यांच्या अंगावरची? मी नातवासाठी जीव लावून ठेवली, आन् तू त्यात चटणी-भाकरी खाणार?" मालक म्हनतेत, "अव्वा, स्टीलचा हाय..." अगं बाई, स्टीलचा हाय म्हने! मी चुलीपुढं तोंड लपवून बसले. हसू यायला लागलं की पोटात कळ यायची, काय करणार?

मंग सूड ठरला. ठरला लिंबाखाली, तिघींत, आन् आत्याबाई चौथ्या. आमच्या मालकांची एक धोतरजोडी पेटीत व्हती. माझ्या बापानं लग्नात आहेर केलेली, पांढरीशुभ्र, डांबरगोळ्या घालून ठेवलेली, कलेक्टरला भेटायला जाताना नेसायची म्हणून. मी म्हनलं, तीच फाडते! कस्तुराबाई म्हनली, "थांब. नवं कापड लेकराला कसं चालंल? आधी जुनं व्हायला पाहिजे." दानम्मा म्हनली, "धुवून धुवून जुनं व्हतंय की." "पाणी कुठाय?" कस्तुराबाईनं इचारलं. आन् मंग आत्याबाई सावकाश बोलल्या, "पाण्यानं जुनं व्हत न्हाई, तर घामानं करावं."

घामानं! तळ्याच्या बांधावर दुष्काळी काम चालू व्हतं, खडी फोडायचं. आमचे मालक तिथं कधी गेले न्हाईत, पुढाऱ्यानं खडी फोडली तर इज्जत जाती. आत्याबाईंनी पेटी उघडली, धोतर काढलं, समोर टाकलं. "नेस. ह्यातच कामाला जा. ह्यातच बस, ह्यातच नीज. मऊ होईस्तोवर ह्या जोडीबिगर काय नेसायचं न्हाई. आज एक, उद्या दुसरं."

गेले! जावंच लागलं. पांढरंशुभ्र धोतर नेसून, डोक्यावर टोपी, हातात हातोडी... आन् डबा! डबा मीच दिला, "अवो, हाटेलातलं चालत न्हाई ना तुम्हाला." चारही कप्पे लावून दिले. दुपारी उघडला सगळ्यांपुढं. पहिल्यात भाकरी, दुसऱ्यात कांदा, तिसऱ्यात मीठ, चौथा रिकामा. संध्याकाळी आले तणतणत, "चौथ्यात काय ठेवलं व्हतंस?" म्हनलं, "जिल्हा!"

सगळं गाव बांधावर. मलप्पा मुकादम म्हनायचा, "काय गुरुलिंगअप्पा, मंत्री आले का तपासणीला?" बाया हसायच्या, पोरं धोतराचा सोगा मोजायची. कस्तुराबाई रोज येऊन सांगायची, आज गुडघ्यावर घासलं, आज बसायच्या जागी पातळ झालं, आज माती लागून रंग उतरला. आन् मी घरात बसून, एका हातानं पोट धरून, दुसऱ्या हातानं धोतराचा काठ चाचपायची, मऊ झालं का? न्हाई अजून? जावा परत! दया आली न्हाई मला. खोटं कशाला बोलू? हाताला फोड आले व्हते, मी बघितले, आन् म्हनलं, येऊ द्या. माझ्या लेकराच्या मांड्यांना आले असते ते फोड. एका डब्यापायी!

आन् धोतरं झाली बघा. टँकरच्या पाण्यातली एक बादली आत्याबाईंनी त्यांच्यासाठी राखली, एकदाच उकळून घेतली, उन्हात वाळवली. मऊ! सासऱ्यांच्या धोतरांइतकी न्हाई, पर मऊ. मी स्वतःच्या हातानं फाडली. टर्र... तो आवाज, बायांनो, तो आवाज मी कधी इसरणार न्हाई. मालक दारात उभं राहून बघत व्हते. मी एकेक लंगोट फाडला, आन् दरवेळी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. झाला माझा सूड. आन् त्याच आठवड्यात बाळंत झाले. दानम्मा म्हनली, "बघ, खरंच थांबलीस की गं!"

लेक झाली. शरणम्मा नाव ठेवलंय. आता तुम्ही म्हनाल, झालं, सुखाचं झालं. कुठलं? पहिल्या दिवशी आत्याबाई म्हनल्या, पहिलं दूध पिळून टाक, पिवळं हाय, वाईट असतं, लेकराला मधाचं बोट चाटव. कस्तुराबाई आपलं पोट सावरत आली आन् दारातूनच ओरडली, "काकू, देवणी गाईच्या वासराला चीक पाजता ना? न्हाई पाजला तर वासरू जगत न्हाई म्हनता ना? मंग हिचंच वाईट कसं? पाज गं तू! आन् वाकू नको अशी, कंबर जाईल. लेकराला वर घे, छातीकडं आण, तू नको जाऊ तिच्याकडं." मी पाजलं. दुखलं, रडले, परत पाजलं. तिसऱ्या दिवशी दूध असं आलं, की चोळी ओली. त्या दिवशी मला कळलं, औंदा पाणी कुठं आलंय ते.

तर दूध हाय, लंगोट हाय, पाळणा हाय. आन् पोरगी रडती! पाजलं तरी रडती, मांडीवर रडती, पाळण्यात रडती. आत्याबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळल्या, ओवा शेकला, काय उपेग न्हाई. कस्तुराबाईनं तिच्या जुन्या लुगड्याचं दुपटं आणलं, त्यात गुंडाळलं, जास्तच रडली. शेवटी हाताला लागला म्हणून धोतराचा तुकडा घेतला, तिला गुंडाळलं... आन् गप! असं तोंड घासलं त्यात, एक सुस्कारा टाकला, आन् निजली. मी हळूच काढून दुसरं घातलं, परत सूर! परत धोतर, परत गप! मी नाकाला लावून बघितलं. उकळून बी वास गेला न्हाई, बायांनो. खडीचा, घामाचा, त्यांचा वास.

नऊ महिने मी वागवली! सूज माझी, उलट्या माझ्या, माती न खाता राहिले मी! आन् पोरगी गप कशानं बसती, तर बापाच्या घामानं!

आन् ते तुकडे किती दिवस पुरणार? पोरगी भिजवती, पाणी न्हाई, धुतलं तर वास जातो, वास गेला की रडती. परवा मी स्वतः, ह्या तोंडानं, मालकांपुढं जाऊन उभी राहिले. हातात कस्तुराबाईच्या दिराकडून मागून आणलेलं नवं धोतर. म्हनलं, "अवो, जरा... जरा दिवसभर हे नेसून बसता का?" त्यांनी काय केलं असंल? काय न्हाई. नुस्ता मिशीवरून हात.

आता वसरीत तक्क्याला टेकून बसलेत, धोतर नेसून, पोरगी मांडीवर, गाढ निजलेली. ओटी भरायला निघाले तर म्हनलं, "जरा पाण्याची घागर तेवढी..." तर हळूच म्हनतेत, "उठता येत न्हाई. धोतर जुनं करून राहिलो."

म्हणून सांगते, कुलूप लावा गाठोड्याला. दोन लावा. चला, भरा ओटी लवकर, निघते मी. दुपार झाली, त्यांच्या जेवणाची येळ झाली. आन् ताटात न्हाई चालत आता. डब्यात पाहिजे. चारही कप्पे भरून.