तिसऱ्या फेरीची मेणबत्ती

हॅलो? … हो मार्जीन, व्हर्नाच. … पेटलेली आहे गं, समोरच आहे. बोटभर उरलीय आता.

व्हर्नाने फोन खांद्याने कानाशी दाबून धरला आणि मेणबत्तीची बशी पडद्यापासून लांब सरकवली. कॉलेजातल्या त्यांच्या भगिनीमंडळाचा हा रिवाज होता. एखादीचं लग्न ठरलं की सगळ्या अंधारात गोल उभ्या राहायच्या, पेटती मेणबत्ती हातोहात फिरायची, आणि जिचं ठरलं असेल ती दुसऱ्या फेरीत फुंकर मारायची. तोवर कोणाला पत्ता लागायचा नाही. आता सहा जणी उरल्या होत्या, साऱ्या ऐंशीच्या आसपासच्या, अमेरिकेतच पण वेगवेगळ्या शहरांत, कोणी लिंकनला तर कोणी ओमाहाला. म्हणून प्रत्येकीने आपापल्या घरी मेणबत्ती लावायची आणि फेरी फोनवरून पुढे सोपवायची, असं मार्जीनने ठरवलं होतं. मार्जीन अध्यक्ष होती, १९६६ पासून. निवडणूक घ्यायचं नंतर कोणाला सुचलंच नव्हतं.

तिसरी फेरी? … डोलोरेसला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय, तर जाऊ दे ना तिला. … पेटती घेऊन? मोटारीत? … आणि लव्हॉन? … वृद्धाश्रमातल्या बाईंनी काढून घेतली? मग आता तिच्या हातात काय आहे? … बॅटरी. … बरं, बटण दाबलं तरी फुंकर धरायची म्हणतेस.

… अगं, कोणीतरी चेष्टा केली असेल. … हो, तुझ्या पत्रपेटीत चिठ्ठी होती, ‘एकीचं ठरलंय, मेणबत्ती फिरव.’ सकाळपासून चारदा सांगितलंस. … अक्षर कोणाचंही असेल. आपल्या सगळ्यांचेच हात थरथरतात.

चिठ्ठी व्हर्नानेच टाकली होती. टाकेपर्यंत धीर होता. मग पहिल्या फेरीत तिने फुंकर न मारताच फेरी पुढे सोपवली, दुसऱ्या फेरीतही. कारण तिचं ज्याच्याशी ठरलं होतं तो ऑरव्हिल चाळीस वर्षांपूर्वीपर्यंत मार्जीनचा नवरा होता, आणि मंडळातल्या बहिणीच्या माणसाकडे बघायचं नाही ही त्यांची पहिली शपथ. व्हर्नाचा ग्लेन गेल्यापासून मार्जीन तिला रोज सकाळी फोन करायची. नऊ वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. ऑरव्हिलवाचून दिवस निघाले असते. हा फोन बंद झाला तर सकाळी उठायचं कशासाठी, हे व्हर्नाला सुचत नव्हतं.

… नाही, पुढे नको सोपवू. … अगं, ऐक ना. मार्जीन, थांब जरा.

तिने फुंकर मारली. पहिली कवळीतून वाया गेली. दुसरीला ज्योत विझली.

… खोकला नव्हता तो. … हो, मीच. … ऑरव्हिल. … हो, तोच ऑरव्हिल.

… मार्जीन? आहेस ना?

व्हर्नाने विझलेली मेणबत्ती बशीसकट बाजूला सारली.

… काय? … मोजे घालून झोपतो की नाही ते मला अजून कसं माहीत असणार? … नाही गं, रडत नाहीये. धूर गेला डोळ्यात. … उद्या करशील ना फोन? … नेहमीच्याच वेळी? … बरं. … बरं, बरं.

… आज चार वाजता? सगळ्या? कशाला? … तळ्यात?

… माहीत आहे मला, रिवाज आहे, ठरलं की मुलाला उचलून तळ्यात टाकायचं. पण मुलगा त्र्याऐंशीचा आहे गं. … तुमचं ठरलं तेव्हा निसटला होता, मान्य. … म्हणजे साठ वर्षं वाट बघत होतीस तू? … अगं, त्याचा खुबा नवा बसवलाय. … लव्हॉन पाय धरणार? तिला स्वतःला उभं राहायला वॉकर लागतो. … निदान कानातलं यंत्र तरी काढून… हॅलो? … मार्जीन?

फोन तुटला होता. व्हर्नाने घाईने ऑरव्हिलचा नंबर लावला. मग क्षणभर विचार केला, घंटी वाजायच्या आत फोन ठेवला, आणि मोठे टॉवेल शोधायला गेली.