आक्का, गाठ नाय गं

हॅलो? … आक्का? रडतीस कशाला? … कुणाला कॅन्सर? मला? … कोण म्हणलं? … वच्छलावन्सं! वाटलंच. औरंगपुऱ्यात दवाखान्याच्या पायरीवर भेटल्या होत्या.

नाय गं, गाठ नाय… आईचं आठवलं तुला, कळतंय. पण माझे मशिनीत फोटो काढले, सगळं साफ निघालं… हो, हो… अगं ऐक ना!

ऑपरेशन हाय. वर उचलायचं… काय म्हणजे? छाती, आक्का… हळू कशाला बोलू? घरात कुणी नाय.

औंदा वजन लई उतरलं ना माझं, नुस्ती कातडी लोंबती. खाली घामानं सोलून निघतं. मलमं लावून लावून थकले… डॉक्टरीणबाई जास्तीची कातडी काढणार, बोंडं वर घेणार, टाके घालणार… व्हय, वण राहणार… लहान नाय करत, हाय तेच वर… परत लोंबंल का? लोंबंल की हळूहळू. वय कुठं थांबतं?

मिशरी? सोडली. तंबाखूनं जखम भरत नाय म्हणल्या.

हे? हे म्हणले, "या वयात कुणाला दाखवायचंय?" … मी? भाकरी थापत होते, थापत राहिले… नाय, भांडले नाय. भांडायचं पण जिवावर येतं आता. मला आरशापुढं उभं राहावं वाटतं गं, बस.

म्हणून तुला म्हणते, ये. काही दिवस हात वर करायचा नाय, बादली उचलायची नाय. माझी वेणी कोण घालणार?

… लोक? लोकांना सांग काय सांगायचं ते… लाज? … बरं. नको येऊ.

…

हॅलो? … हायस का?

… आँ? तुला पण सोलतं? … कधीपासनं? … अन् लावतीस काय? … कापडाची घडी? फुलंब्रीच्या उन्हात, रानात? … आक्का! मला तरी सांगायचं…

रडू नको. ऐक. सगळ्यांनाच कापत नायत. नुस्तं दाखवू. बाईच हाय डॉक्टर… व्हय, मी बसते की जवळ.

मग मंगळवारी? … सकाळच्या बसनं ये… डबा नको आणू. पुढून बटनाचा एक झंपर आण तुझा… सैल होऊ दे. लहानपणी तुझेच घातले की.

ठेवते… व्हय. ठेव तू पण.