सायलीचा गुलाबी दिवा

माझी लेक सायली गेली तेव्हा मी शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकांना कव्हरं घालत होतो. हॉस्पिटलातून फोन आला, ताप मेंदूत गेलाय, निघा. मी पोचलो तेव्हा ती नव्हती.

आम्ही मूळचे देवगडकडचे, वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडली तसे मुलुंडला आलो, आणि मी जन्मभर मुलांना गप्प बसा, गप्प बसा सांगायची नोकरी केली, आणि काय सांगू तुम्हाला, माझ्याच घरात ही पोरगी कोरियन गाण्यांवर किंचाळायची. पाच गायक पोरांचा गट, त्याच्या चाहत्यांचा रंग गुलाबी. तिची बालवाडीपासूनची मैत्रीण रुचा मात्र दुसऱ्या गटाची, ती पिवळी. दोघी आमच्या सोफ्यावर भांडायच्या, तुझ्या पोरांना सूर सापडत नाही, तुझे तर नुसते केस रंगवतात, आणि भांडता भांडता एकाच ताटलीतले पोहे खायच्या.

त्या पाचांतल्या एकाचा वाढदिवस असला की सगळ्या गुलाबी पोरी अंधेरीला एका हॉलमध्ये जमतात, केक कापतात, पडद्यावर गाणं लावतात. गाण्यात मध्ये जागा सुटते, तिथे पाचही नावं ओळीने पुकारायची, हातातली लाइटस्टिक उंच धरून. त्या सेलवरच्या कांडीला मी दिवाच म्हणतो. पहिली हाक सायलीची असायची, मग बाकीच्यांची. आमच्याकडे भजनात बुवा उचलतात आणि मागचे धरतात ना, तसंच. ती गेल्यावर त्या पाचांतल्या एकाचा वाढदिवस आला, मी म्हटलं, तिचा दिवा मी नेणार. भाऊ म्हणाला, अरे, अजून वर्षश्राद्ध व्हायचंय आणि तू नाचगाण्याला निघालास? आमची ही म्हणाली, जाऊन या. रुचा म्हणाली, काका, मी पण येते.

हॉलच्या दारात गुलाबी पोरींची पुढारी तन्वी उभी. म्हणाली, काका, तुम्ही या ना, पण ही पिवळी आत नाही येणार, हिनं नेटवर आमच्याबद्दल काय काय लिहिलंय ठाऊक आहे? रुचा म्हणाली, लिहिलंय, अजून लिहीन. मी म्हटलं, ही बाहेर तर दिवाही बाहेर. तिथेच उभा राहिलो, माझ्यामागे पोरींची रांग लागली, मी हललो नाही. शेवटी मागून कुणीतरी ओरडलं, येऊ दे ना गं तिला, सायलीची आहे ती. मग तन्वी बाजूला झाली.

गाणं लागलं. जागा आली आणि हाक कुणीच उचलली नाही, सगळ्या माझ्या हातातल्या दिव्याकडे बघत राहिल्या. रुचाला ती नावं पाठ आहेत, सायलीनंच डोकं खाऊन पाठ करून घेतलेली. मी म्हटलं, उचल गं. म्हणाली, काका, दिवा धरते, पण ह्यांची नावं नाही घेणार, पिवळी असून घेतली तर सायलीनंच मला बदडलं असतं. बरोबर होतं तिचं. मी दिवा तिच्या हातात दिला आणि स्वतः ओरडलो, घसा फाटेस्तोवर, नावांचा क्रमही चुकला माझा, आणि हॉलभर पोरींनी ती नावं त्याच चुकलेल्या क्रमाने उचलली.

लोक म्हणतात, आता आवरा, तिच्या वस्तू देऊन टाका. नाही आवरणार. दिवा टीव्हीपाशी असतो, सेल संपले की मी बदलतो. रुचा रविवारी येते, पोहे खाते, म्हणते, काका, तुमच्या पोरांना अजून सूर सापडला नाही. मी म्हणतो, तुझे तर नुसते केस रंगवतात.

भांडण चालू आहे.